सात दहाची बारववस्ती

गाडी स्टँडवरून सुटली की आम्ही सगळे गाडीकडे बघायचो. भिंगारदिवे मामा गाडीकडे पाठ करायचे. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, की ते कंट्रोल केबिनच्या दारात उभे राहून थांब्याकडे तोंड करत आणि उजव्या हाताचं एक बोट जरा जरा हलवत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. पहिल्या दिवशी मला वाटलं, जप करताहेत. जवळ गेलो तर ऐकू आलं, "सात, आठ, ती म्हातारी धरून नऊ."

"मामा, काय मोजताय?" मी विचारलं.

"ऱ्हायल्याली," ते म्हणाले. "गेल्याली कंडक्टर मोजतोय. ऱ्हायल्याली कोन मोजनार?"

नव्वदच्या दशकातली ही मधली वर्षं. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि नगरच्या शहर बससेवेच्या कार्यालयात सांख्यिकी सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. कोणत्या फेरीला किती माणसं असतात, कोणती फेरी वाढवायची, कोणती बंद करायची, याचे तक्ते करणं हे माझं काम. मामा माळीवाड्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्याआधी वीस-बावीस वर्षं कंडक्टर होते. उभं राहून राहून डावा गुडघा गेला, म्हणून त्यांना केबिनमधली बसून करायची ड्यूटी दिली होती. ते काही फार बसत नसत. उंच, वाळकी अंगलट, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि खिशात शाळेची शंभर पानी वही दुमडून कोंबलेली. वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'चढले', दुसऱ्यावर 'राहिले'. ही वही त्यांना कोणी ठेवायला सांगितली नव्हती. माझं आडनाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या आठवड्यापासून ते मला आकडेसाहेब म्हणायचे. थट्टेने म्हणतात की मानाने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. केडगावची गाडी गेल्यावर थांब्यावर मी चौदा माणसं मोजली. त्यांच्या वहीत अकरा होती. मी म्हटलं, "मामा, तीन चुकली."

"त्यो निळ्या शर्टाचा शेंगदानेवाल्याचा मेव्हना हाय, डबा द्यायला आलाय. त्या दोगी उन्हाच्या सावलीला बसल्यात, त्यांना कापड बाजारात जायचंय, चालत. सावलीला बसल्याला परवाशी न्हाई, आकडेसाहेब."

"तुम्हाला कसं कळलं?"

"इचारलं की. तोंड कशाला दिलंय?"

मी त्या दोघींना जाऊन विचारलं. कापड बाजारातच जायचं होतं. त्या दिवसापासून मला त्यांच्या वहीबद्दल आदर वाटू लागला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं ते मी अज्ञानातून केलं असं कोणाला वाटू नये.

मामा राहायला बारववस्तीत होते. शहराच्या कडेला, नाल्यापलीकडे, जुन्या बारवेभोवती वाढलेली साठ-सत्तर घरांची वस्ती. तिथे दिवसाला तीन फेऱ्या जायच्या. त्यांतली सकाळची सात दहाची सगळ्यांत महत्त्वाची. बिड्या वळणाऱ्या बाया आदल्या दिवशीचा माल टोपलीत घेऊन त्या गाडीने कारखान्यात जमा करायला जायच्या. उशीर झाला की माल तपासणारा घाईघाईत जास्त बिड्या छाटून बाजूला काढायचा. एमआयडीसीतले कामगार त्याच गाडीने स्टँडवर येऊन पुढची गाडी धरायचे. आणि सात मुली हायस्कूलला यायच्या. मामाही त्याच गाडीने ड्यूटीवर येत. थांब्यावर आधी सगळ्यांना चढू देत, मग मोजत, मग स्वतः शेवटी चढत. जागा नसली तर राहिलेल्यांत स्वतःलाही धरत आणि चालत येत. ती फेरी टिकावी आणि तिच्या मागोमाग आणखी एक मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. तीन वर्षं ते अर्ज देत होते.

त्या वर्षी पावसाळा संपताना आमच्याकडे पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांनी तीन गाड्यांच्या पायरीवर एकेक पत्र्याची पट्टी बसवली. पट्टीखाली स्प्रिंग आणि बटण, तिथून वायर ड्रायव्हरच्या सीटमागच्या डबीत. पायरीवर पाऊल पडलं की डबीत एक आकडा पुढे सरकायचा. फेरी सुरू करताना ड्रायव्हरने एक कळ दाबायची, म्हणजे प्रत्येक फेरीचा आकडा वेगळा पडायचा. संध्याकाळी ती डबी वायरने कार्यालयातल्या नव्या कॉम्प्युटरला जोडायची. माणूस चढताना एकदा आणि उतरताना एकदा मोजला जातो, म्हणून दोनाने भागायचं. सल्लागार म्हणाले, पुढे अशा सगळ्या गाड्या टेलिफोनच्या तारेने एकाच कॉम्प्युटरला जोडता येतील, कुठे गर्दी आहे ते बसल्या जागी दिसेल आणि त्याप्रमाणे गाड्या सोडता येतील. मी भारावून गेलो होतो. यंत्रांचा ताबा माझ्याकडे होता.

जुना माणूस यंत्राला नाकं मुरडील असं मला वाटलं होतं. मामा खूश झाले. "मोजू द्या की त्याला. माझं डोळं आता दमल्यात." मग दोन दिवसांनी केबिनमधून मला हाक मारून म्हणाले, "आकडेसाहेब, एक इचारू का? पायरीवर बटान बसवलं, लई झ्याक. आता एक बटान थांब्यावर बी बसवा. ज्याला गाडी पायजे त्यानं दाबायचं. त्याची बी वायर तुमच्या कॉम्प्युटरला न्या. म्हंजे पायरीवर्चं आनि थांब्यावर्चं, दोन्ही वजा केलं की ऱ्हायल्यालं कळंल."

मी हसलो. म्हटलं, "मामा, पोरं दिवसभर दाबत बसतील."

"पोरं दोन दिस दाबतील. तिसऱ्या दिशी त्यांना बी कटाळा येतोय," ते म्हणाले.

यंत्र नीट चालतंय का ते बघायला मी एकदा सकाळी वस्तीवर गेलो. थांब्यावर बायांच्या पुढे सगुणाबाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या, वस्तीतल्या बायांच्या पुढारी. गाडी आली तशी त्यांनी बिड्यांची टोपली आधी पायरीवर ठेवली आणि मग त्या चढल्या. डबीत दोन आकडे पडले. मी ते मामांना सांगितलं. मामा खालून ओरडले, "सगुणाबाई, टोपलीला आता तिकीट पडनार बगा!"

"पडू द्या की मामा," त्या आतून म्हणाल्या, "टोपली तर बसून जाईल. मी हाय तशी हुभीच."

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सर्वेक्षण दसऱ्यापासून पुढचे पंधरा दिवस करायचं ठरलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, हत्यारांची पूजा व्हायची. पाने, स्क्रू ड्रायव्हर, तिकिटांचे पंच, सगळं पाटावर मांडलेलं असायचं. बारववस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, गाडीचा नारळ मी फोडतो. पन यंत्र तुमचं. त्याचा नारळ तुमीच फोडायचा." सगळे जमले. मला बरं वाटलं. सहा महिन्यांची नोकरी आणि माझ्या हातात नारळ देताहेत. दर वर्षी नारळ चाकाजवळच्या दगडावर फोडत. मला वाटलं, यंत्राचा नारळ आहे, तर यंत्रापाशीच फुटला पाहिजे. मी पायरीच्या कडेवर नेम धरला.

मामा पूजेत नसत. बाजूला उभे राहून म्हणायचे, "आपल्यात हे न्हाई, पन खोबरं द्या." त्या दिवशी ते दोन पावलं पुढे आले. "साहेब, दगडावर फोडा. पानी आत जाईल."

"मामा, यंत्र सीलबंद आहे," मी म्हणालो, आणि फोडला.

नारळ चांगला भरलेला निघाला. पाणी पट्टीच्या कडेने खाली गेलं. टाळ्या झाल्या. मी कापडाने पायरी पुसली आणि विसरून गेलो.

यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते बंद पडलं नाही. रोज संध्याकाळी आकडे येत राहिले आणि मी ते तक्त्यात भरत राहिलो. पंधरा दिवसांनी सरासरी काढली. सात दहाच्या बारववस्तीला बावीस माणसं. मामांच्या वहीत त्याच पंधरा दिवसांची सरासरी चढले एक्कावन्न, राहिले नऊ. पंचविसाच्या खालच्या फेऱ्या बंद करायच्या असं वरून ठरलेलं होतं. कोणी विचारील की तिकिटांवरून खरं कळलं नसतं का. नसतं. त्या फेरीत निम्म्याहून जास्त पासवाले होते, आणि तिकिटांचा ताळा दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मिळून एकदाच व्हायचा.

कोणत्या फेऱ्या बंद करायच्या ते ठरवायच्या बैठकीच्या तीन दिवस आधी मामा माझ्या टेबलाशी आले. आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, तुमच्या यंत्राला मुंग्या लागल्यात."

मी त्यांच्याबरोबर गाडीपाशी गेलो. पायरीच्या कडेला लाल मुंग्यांची बारीक रांग होती आणि ती पट्टीखाली जात होती. मी पेचकस आणून पट्टी उघडली. आत नारळाचं पाणी वाळून चिकट झालं होतं. स्प्रिंग दाबली जायची, पण वर यायला वेळ घ्यायची. एखादं पाऊल पडलं तर बरोबर मोजायची. एकामागोमाग पडली तर दोन-तीन मिळून एक. म्हणजे रिकामी गाडी बरोबर मोजली जात होती आणि भरलेली कमी. गर्दी जितकी जास्त तितका आकडा खोटा. इतर दोन गाड्यांच्या यंत्रांवर कोणी नारळ फोडला नव्हता. चूक नेमकी बारववस्तीच्या वाट्याला आली होती, आणि ती मी घातली होती.

मी ओल्या फडक्याने सगळं पुसलं, स्प्रिंगला तेल घातलं, पट्टी परत बसवली. मामा हातात पेच धरून उभे होते. एकेक पेच मला देत होते.

"आता झ्याक चालंल," ते म्हणाले. "बैठकीत सांगा म्हंजे झालं."

मी मान हलवली. त्या क्षणी सांगायचं माझ्या मनात होतं. पुढच्या तीन दिवसांत मी मनात बरीच वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्यात नारळ येत होता. संख्याशास्त्राचा पदवीधर, आणि मोजायच्या यंत्रावर नारळ फोडला. पुण्याचे सल्लागार बैठकीला असणार होते. मी अजून कायम झालो नव्हतो.

बैठकीत वाहतूक अधिकारी, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांनी मामांना त्यांच्या अर्जामुळे मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वही टेबलावर होती. मोठे साहेब म्हणाले, "भिंगारदिवे, यंत्र सांगतं बावीस. तुम्ही सांगता एक्कावन्न. बाकीचे एकोणतीस कुठे बसले होते, टपावर?"

सगळे हसले. मीही हसलो.

"राहता कुठे तुम्ही?"

"बारववस्तीत, साहेब."

"मग बरोबर आहे."

"वस्तीत ऱ्हातो म्हनून तर मोजता येतं, साहेब," मामा म्हणाले. "मी माझ्यापुरतं सांगत न्हाई. आकडेसाहेबांना इचारा. यंत्र त्यांच्या ताब्यात हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मामाही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. हे मला सगळ्यांत जास्त आठवतं. त्यांना खात्री होती.

मी म्हणालो, "यंत्र मी स्वतः उघडून तपासलं आहे, सर. व्यवस्थित चालू आहे."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. यंत्र मी उघडलं होतं. तपासलं होतं. त्या दिवशी ते व्यवस्थित चालू होतं. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे अशी माझी ख्याती आहे, घरात बायको-मुलं त्यावरून चिडवतात, आणि ती खरीही आहे. पण मी आयुष्यात जे सगळ्यांत मोठं खोटं बोललो ते असं शब्दाशब्दाला खरं होतं.

फेरी पुढच्या सोमवारपासून बंद झाली. मामांना ताकिदीचा मेमो मिळाला. वैयक्तिक सोयीसाठी नोंदी वाढवून दाखवल्या, असं त्यात लिहिलं होतं. त्यांना स्टँडवरून काढून वर्कशॉपच्या फाटकावर बसवलं. बाहेर गेलेल्या आणि आत आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे, एवढंच काम. वर्कशॉप शहराच्या दुसऱ्या टोकाला. वस्तीपासून ते चालत येत. जास्तीत जास्त एखाद्या सायकलवाल्याच्या मागे बसून अर्धं अंतर. गुडघ्याला ते खादीची पट्टी बांधू लागले होते.

मी त्यांना टाळायला लागलो. वर्कशॉपमध्ये काम निघालं की मागच्या दाराने जायचो. तीनेक महिन्यांनी तेच जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"मेमोचं काय न्हाई, साहेब. त्यो माझ्यासंगं जाईल. गाडीचं बघा."

मी विचारलं, "मामा, तुम्ही का नाही सांगितलं? बैठकीत? तुम्हाला सगळं माहीत होतं."

"मी सांगितलं असतं तर ते भांडान झालं असतं," ते म्हणाले. "फेरी गेली म्हनून चिडलाय, आता साहेबावर घालतोय, म्हनले असते. तुमी सांगितलं तर ती नोंद. तोंड तुमचं हाय, तुमीच उघडायचं. घाई न्हाई. पन उघडा."

मी म्हणालो, पुढच्या सर्वेक्षणात नक्की दुरुस्त करतो. ते म्हणाले, "व्हय." आणि गेले. पुढचं सर्वेक्षण झालं नाही. सल्लागारांचा करार संपला, डब्या काढून कपाटात ठेवल्या. त्यानंतर मला काहीही करता आलं नसतं असं मी स्वतःला समजावत होतो. प्रत्यक्षात एक पानाची टिपणी पुरली असती. मधल्या काळात मी कायम झालो, लग्न झालं, सावेडीत दोन खोल्या घेतल्या. टिपणी लिहिली नाही.

आज शहरांतल्या बसमध्ये यंत्रं सगळीकडे आली आहेत. कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन, गाडीच्या छतावर तिची जागा सांगणारी डबी, मोबाईलवर सरकणारा ठिपका. ती सगळी एकमेकांना जोडलेली असतात, आणि कुठल्या रस्त्यावर किती गाड्या हव्यात ते त्यावरून ठरवता येतं. मी याच्या बाजूचा आहे. यंत्र नसतं तर बरं झालं असतं असं मला कधीही वाटलं नाही, आणि मामांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी सुचवलेल्या थांब्यावरच्या बटणासारखं काहीतरी अजूनही क्वचितच दिसतं. यंत्राला मुंग्या लागतात, कधी धूळ बसते, कधी वायर तुटते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते ज्याला माहीत असतं त्याने सांगायचं असतं, एवढीच व्यवस्था आहे, आणि ती वायरने जोडता येत नाही.

दीड वर्षाने मामा निवृत्त झाले. वर्कशॉपच्या पटांगणात निरोपसमारंभ झाला. चहा, फरसाण, शाल आणि श्रीफळ. कार्यालयाच्या वतीने कोणीतरी बोलायचं म्हणून मला पुढे केलं. शाल मोठ्या साहेबांनी घातली आणि नारळ माझ्या हातून दिला गेला. मामांनी तो घेतला, माझ्याकडे झुकले आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "ह्यो दगडावरच फोडतो, साहेब." आणि मिस्कील हसले. त्यांच्या मनात राग असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं.

मी भाषण केलं. चांगलं केलं असं सगळे म्हणाले. त्या भाषणात मी म्हणालो की मामांच्या वहीतला आकडा मी कधीही चुकलेला पाहिला नाही. आपण काहीतरी भरपाई करतोय असं मला त्या वेळी खरोखर वाटत होतं.

मामा उत्तर द्यायला उठले. त्यांनी सगळ्यांना रामराम-जयभीम केला, ड्रायव्हर-कंडक्टरांना गाड्या सावकाश चालवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "आकडेसाहेब आत्ता बोलले, माझा आकडा कधी चुकला न्हाई. लई बरं वाटलं. साहेब, एवढं एक वाक्य मला कागदावर लिहून द्या. खाली सही आनि तारीख. सात दहाच्या गाडीचं नाव घालून."

लोकांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. हशा झाला, टाळ्या पडल्या. मी टाळ्यांच्या आवाजात म्हणालो, "देतो, मामा, देतो."

"कवा?"

"देतो की. या आठवड्यात."

ते मान हलवून खाली बसले. निवृत्तीनंतर ते महिनाभर वस्तीतच होते. मग खोली सोडून कर्जतकडे, आपल्या गावी गेले. त्या महिन्याभरात ते दोनदा कार्यालयात येऊन गेले. एकदा मी खरोखर जाग्यावर नव्हतो. दुसऱ्यांदा होतो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात शिपायाने सहज सांगितलं की भिंगारदिवे मामा गेले. शेतात काम करताना छातीत कळ आली. सांगितलं तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी त्या दिवशी डबा खाल्ला, सगळे तक्ते पूर्ण केले, आणि सगळे गेल्यावर टिपणी लिहिली. पाऊण पान झालं. खंडेनवमी, नारळ, मुंग्या, स्प्रिंग, बावीस, एक्कावन्न, नऊ. लिहायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी नव्या अधिकाऱ्यांच्या हातात दिली. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पूर्ण वाचली आणि विचारलं, "आता याचं मी काय करू?" फेरी बंद होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली होती. ज्यांच्या नावावर ताकीद होती ते हयात नव्हते. त्यांनी टिपणी फाईलला लावली. माझ्यावर काहीही कारवाई झाली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी बारववस्तीवर गेलो. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. थांब्याची पाटी गंजली होती. तिथे एक सहासीटर रिक्षा उभी होती आणि तिच्यात दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती. सगुणाबाई घराच्या ओट्यावर बिडीची पानं कातरत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, तरी नाही. मग म्हणालो, "मामा मला आकडेसाहेब म्हणायचे."

त्यांनी कात्री थांबवली. "तुमी व्हय ते?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नारळाचं आलं तेव्हा त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

"मामा सांगायचे आमाला," त्या म्हणाल्या. "गाडी चालू व्हनार हाय. साहेबाला समदं ठावं हाय, तो लिहून देनार हाय. नवा मानूस हाय, त्याला जरा येळ लागंल, पन दील. सहासीटरवाला तवाच इचारीत हुता, महिन्याचं ठरवून टाका म्हनून. आमी न्हाई ठरवलं. मामांचा शबूद. वरीसभर टोपल्या डोक्यावर घिऊन चाललो. पोरी बी चालायच्या आमच्यासंगं, हायस्कूलच्या."

मी विचारलं, "सात होत्या ना?"

"सात. पाऊस लागला तशा चार घरी बसल्या. एकीचं लगीन झालं. माझी त्या चौघींतलीच."

सहासीटरवाल्याने कर्णा वाजवला आणि गाडी निघून गेली.

"मंग दिलं का लिहून?" सगुणाबाईंनी विचारलं.

"दिलं."

"कवा?"

"परवा."

त्यांनी ओट्यावरची पानं एका बाजूला सारली, पदराने जागा झाडली आणि म्हणाल्या, "बसा. लांबून आलाय."

मी बसलो नाही.